संथपणाचा हिशेब

मंडळी, गोसीखुर्दला येऊन संथपणावर बोलायचं म्हणजे धाडसच. इथल्या धरणाची पायाभरणी 1988 सालची. वेळ लागणं म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला काय सांगणार? पण लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. तोच आज संगणकाच्या इतिहासाला विचारू.

पडद्यावरची बटणं, मेनू, खिडक्या प्रत्येक प्रोग्रामर स्वतः घडवत नाही. त्यांचा तयार संच मिळतो, त्याला टूलकिट म्हणतात. जीटीके हे त्यातलंच एक, मुळात गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरसाठी तयार झालेलं. मार्च 2002 मध्ये त्याची 2.0 आवृत्ती आली आणि तक्रारी सुरू झाल्या: संगणक तोच, काम तेच, मग वेळ जास्त का लागतो?

एक कारण असं, की चित्र आधी मेमरीत काढून मग पडद्यावर आणायची पद्धत सरसकट झाली. लुकलुक थांबली, काम वाढलं. दुसरं कारण आपल्या जिव्हाळ्याचं. आधीच्या 1.2 आवृत्तीत एका अक्षराचं एक ठरलेलं चित्र; ती ओळीने मांडत जायची. 2.0 मध्ये मजकूर युनिकोडमध्ये आला आणि मांडणी पँगोकडे गेली.

'गोसीखुर्द' हेच नाव घ्या. युनिकोडमध्ये त्याचे 9 संकेत. त्यातला 'र' साठवताना 'द'च्या आधी असतो, पडद्यावर मात्र रफार होऊन 'द'च्या डोक्यावर बसतो. म्हणजे आधी लिपी ओळखा, फाँट शोधा, अक्षरं जुळवा, मग उमटवा. हा सोपस्कार इंग्रजी मजकुरालाही लागू झाला.

फक्त इंग्रजी लिहिणाऱ्याला वाटलं, आपण उगाच भार वाहतोय. त्याचंही खोटं नव्हतं. पण जुना वेग आला कुठून? आपली लिपी हिशेबातच धरलेली नव्हती, म्हणून.

याचा अर्थ सगळा संथपणा माफ, असा नाही. 2005 साली 2.8 आवृत्तीत चित्र काढायचं काम कैरोकडे गेलं. रेषा मऊ झाल्या, वेग पुन्हा घटला. तेव्हा काहींनी नुसती कुरकुर न करता वेळ कुठे जातो ते मोजलं, आणि पँगोतले वेळखाऊ भाग सुधारले. वेग वाढला, रफारही राहिला.

प्रोग्रामचा गेलेला वेग असा परत आणता येतो. पाण्याखाली गेलेलं गाव आणता येत नाही. म्हणून तिथे हा हिशेब आधीच मांडायला हवा, एवढंच आमचं म्हणणं.