रोहिणीचे पाणी

सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला शाळेतच मिळालेले असते. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून राजपुत्र विरक्त झाला आणि मध्यरात्री, झोपलेल्या बायकोमुलाला सोडून निघून गेला. मीही बरीच वर्षे हेच उत्तर धरून होतो. ते पुन्हा तपासावेसे वाटले ते नागपूरच्या कळमन्यातल्या एका विहारात.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. कळमन्यात ते रात्री, मार्केट यार्डातली कामे आटोपल्यावर असते. ऐकणाऱ्यांत पोती वाहणारे हमाल असतात, मिरची निवडणाऱ्या बाया असतात. त्या रात्री रोहिणी नदीचे प्रकरण वाचून संपले आणि मागे बसलेल्या एका आजीने विचारले, “म्हंजे पान्यापायीच घर सुटलं म्हना ना सिद्धार्थाचं?”

आजीच्या प्रश्नामागची कथा अशी. शाक्य आणि कोलीय यांच्या शेतांमधून रोहिणी वाहत होती. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या माणसांत मारामारी झाली आणि शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. चूक कोणाची, याची आधी चौकशी करा, असे त्याचे म्हणणे होते. बहुमत विरुद्ध गेले. संघाचा निर्णय न मानणाऱ्याला देहदंड होऊ शकत होता, किंवा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकून जमीन जप्त करता येत होती. कुटुंबाला झळ पोचू नये म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. या कथेत तो चोरून जात नाही. आईवडिलांना सांगून, यशोधरेच्या संमतीने निघतो.

ही बाबासाहेबांची कल्पना म्हणावी काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. त्यांच्या आधी, 1940 साली, धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात हाच धागा उकलला होता. गोव्यातल्या साखवाळचे कोसंबी बुद्धाच्या शोधात नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरले आणि 1947 साली नागपूरजवळच्या सेवाग्रामात त्यांनी देह ठेवला. चार दृश्यांची कथा मुळात गौतमाची नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. दीघनिकायातल्या महापदान सुत्तात ती विपस्सी नावाच्या फार प्राचीन बुद्धाविषयी येते. पुढे चरित्रकारांनी ती गौतमाला जोडली. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात, की आईवडील रडत असताना आपण केस उतरवून, काषाय वस्त्रे घालून घराबाहेर पडलो. रडणारे आईवडील समोर असतील, तर मध्यरात्रीच्या पलायनाला जागा उरत नाही.

सुत्तनिपातातले अत्तदंड सुत्त तर अधिकच बोलके आहे. आपल्याला वैराग्य कसे आले, हे त्यात सांगितले आहे. पाणी आटत चाललेल्या डबक्यात मासे तडफडावेत तशी एकमेकांवर उठलेली माणसे पाहून आपण भ्यालो, असा त्याचा आशय. अट्ठकथा या सुत्ताचा संबंध रोहिणीच्या तंट्याशी जोडते. मात्र तिथे तंटा मिटवायला येतात ते बोधी मिळालेले बुद्ध. गृहत्याग कधीच होऊन गेलेला असतो. म्हणून रोहिणीमुळेच घर सुटले, असे इतिहास म्हणून ठामपणे लिहिता येणार नाही. पण माणसांनी एकमेकांवर उगारलेले शस्त्र पाहून तो हादरला, हे सांगणारा आधार चार दृश्यांच्या कथेपेक्षा जुना आणि भक्कम आहे.

कारण कोणते मानावे, यावर पुढचे बरेच काही ठरते. सारे दुःख जरा, व्याधी आणि मरण यांतच असेल, तर प्रत्येकाने आपापल्यापुरती सुटका शोधावी. दुःख माणसामाणसांतल्या व्यवहारातही असेल, तर उपायही त्या व्यवहारातच करावा लागेल. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की ती लागते, असे बाबासाहेब म्हणतात ते यासाठीच. चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीत होती काय, अशी शंकाही त्यांनी ग्रंथाच्या आरंभी उपस्थित केली आहे.

मला वाटते, ही दोन टोके पाली वाङ्मयातच जुळतात. दुःखाचे कारण तृष्णा, हे दुसरे आर्यसत्य. दीघनिकायातल्या महानिदान सुत्तात या तृष्णेचा माग काढला आहे. तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून आसक्ती, आसक्तीतून मालकी, मालकीतून राखण. आणि राखणीतून काठ्या, शस्त्रे, भांडणे, खोटे बोलणे. म्हणजे मनातली तहान आणि बांधावरची मारामारी ही एकाच साखळीची दोन टोके. अत्तदंड सुत्तही भांडणापाशी थांबत नाही. भांडणाऱ्यांच्या काळजात रुतलेला काटा शोधते. पंचशील आणि अष्टांगिक मार्ग तो काटा काढण्यासाठी आहेत. त्यांत सम्यक दृष्टी आणि सम्यक समाधी आहेत, तशाच सम्यक वाचा आणि सम्यक आजीविकाही आहेत.

14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, याच शहराच्या दुसऱ्या टोकाला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. मग लाखोंना स्वतः दीक्षा देताना त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत अष्टांगिक मार्ग आहे, दहा पारमिता आहेत आणि सर्व माणसे समान आहेत ही श्रद्धाही आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसाला बुद्धचरित्रात रोहिणी ठळक दिसावी, यात नवल नाही. नदी त्यांनी निर्माण केली नव्हती. जुन्या ग्रंथांत ती होतीच. तिच्याकडे पाहण्याची गरज इतरांना फारशी भासली नव्हती.

लुंबिनीच्या बाजूने येणारी रोहिणी आजही वाहते आणि गोरखपूरपाशी राप्तीला मिळते. आजीला मात्र ती कुठे आहे, हे जाणून घ्यायचे नव्हते. वाचन संपल्यावर मी तिला एवढेच म्हणालो, “आजी, पाणी निमित्त होतं. त्यासाठी माणूस माणसावर उठला, ते त्याला बघवलं नाही.” ती म्हणाली, “तेच तं म्हनून राह्यली मी.”