न ऐकलेली साक्ष

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आपण सामाजिक नाटक म्हणून शिकतो व शिकवतो. त्याची बांधणी मात्र रहस्यनाटकाची आहे, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

१९६२ साली आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आले. त्यात साक्षीदार जे सांगतो ते फिरत्या रंगमंचावर आपल्या डोळ्यांदेखत घडते. लखोबा लोखंडेने कितीही नाकारले तरी प्रेक्षक साक्षीदारांच्याच बाजूचा. १९६७ साली 'रंगायन'ने केलेल्या तेंडुलकरांच्या नाटकात हा आधारच नाही. घडून गेलेले काहीच दिसत नाही. कानांवर पडतात त्या फक्त साक्षी. एका खेडेगावात प्रयोगाला आलेली मंडळी वेळ घालवण्यासाठी अभिरूप खटला मांडतात, आणि पाहता पाहता बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्याची झडती सुरू होते. काशीकर तर न्यायासनावरून उतरून स्वतःच साक्ष देतात!

बीड-अंबाजोगाईच्या वर्गांत हे नाटक वाचताना आधी सामंताकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. तो त्याच गावचा, भाबडा, मदतीला धावणारा. साक्ष म्हणून हातातल्या कादंबरीतला मजकूर तो दामल्यांच्या खोलीत घडला असे रचून सांगतो. बाई 'खोटे' म्हणून ओरडतात. पण ती रचलेली गोष्टच पुरावा ठरते. बाईंना बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. त्यांचे दीर्घ स्वगत चालू असताना सारे कोर्ट थिजलेले असते. ते ऐकतो केवळ प्रेक्षक.

नाटकानंतर पाचच वर्षांनी, १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर खुणा नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिचा प्रतिकार खरा मानला नाही, पोलीस सुटले. १९७९ मध्ये चार विधिअध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. अशा कोठडीतील प्रकरणांत 'संमती नव्हती' हे स्त्रीचे म्हणणे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद कायद्यात येण्यास १९८३ साल उजाडले. बेणारेबाईंचा खटला खोटा होता, हा खरा. पण दोन्हींकडे बाईचा शब्द सोडून बाकी सगळ्याला वजन होते.

खेळ संपल्यावर मंडळी प्रयोगाच्या तयारीला लागतात. सामंत तेवढा हळूच येतो आणि पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट बाईंपाशी ठेवून जातो.