पदवीस्तरावरील रसायनशास्त्र प्रयोगशाळा आणि संशोधनकौशल्ये : शिरूर-दौंडच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास प्रात्यक्षिकाचे उत्तर बहुधा अगोदरच ठाऊक असते. परिणामी ब्युरेटवरील वाचन त्या उत्तराशी जुळविण्याकडे त्याचा कल राहतो. प्रयोगशाळेत पद्धती टिकली. मात्र प्रश्न हरपला. या स्थित्यंतराचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
लिबिख यांची १८२४ मध्ये जर्मनीतील गीसेन विद्यापीठात नियुक्ती झाली. त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी प्रथम विश्लेषण शिकत व पुढे स्वतंत्र प्रश्न हाताळीत. नंतर त्यांचे सहायक झालेल्या फ्रेसेनियस यांनी १८४१ मध्ये गुणात्मक विश्लेषणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आजचे क्षारविश्लेषण याच परंपरेतील आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, संलग्नता व परीक्षा यांवर उभे राहिले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठातही संलग्न महाविद्यालयांची रचना कायम राहिली. अनेक महाविद्यालयांची एकसमान परीक्षा घ्यावयाची, तर ठरीव उत्तराचे प्रयोग सोयीचे ठरतात. १९५० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. परंतु अशा संस्थांतील संशोधन आणि महाविद्यालयीन अध्यापन यांतील अंतर कायम राहिले. ते कमी करण्यासाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवी विद्यार्थ्यांकरिता राष्ट्रीय उपक्रम सुरू केला; मात्र त्याचा लाभ निवडक विद्यार्थ्यांपुरता राहतो.

स्थानिक संदर्भ :
शिरूर व दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. पुणे शहराचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा याच परिसरात तिला मिळते. दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याचे सिंचन आहे, तर कुरकुंभ येथे रासायनिक उद्योग आहेत. अशा परिसरातील विद्यार्थ्याने आपल्याच विहिरीचे पाणी आणल्यास ईडीटीए अनुमापनाचे नेहमीचे प्रात्यक्षिक संशोधन ठरू शकते. पाण्याचा दुष्फेनपणा किती, हे शिक्षकासही ठाऊक नसते. त्यामुळे नमुन्याचे स्थळ, दिनांक व विहिरीची खोली नोंदविणे, अनुमापन तीनदा करणे आणि तफावतीचे कारण शोधणे अपरिहार्य होते. कालव्यालगतच्या व कोरडवाहू भागातील विहिरींची तुलना हा पुढील प्रश्न आपोआप उभा राहतो. यासाठी नवे उपकरण लागत नाही. मूल्यमापन मात्र बदलावे लागते. गुण उत्तराच्या जुळणीस नव्हे, तर नोंदीच्या प्रामाणिकपणास द्यावे लागतात.

निष्कर्ष :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय उपलब्ध आहे. तीन वर्षे ठरीव उत्तरे लिहिलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यास तेथे प्रथमच प्रश्न विचारावयास सांगणे अन्यायाचे होईल. म्हणून संशोधनाचा संस्कार प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकातच होणे आवश्यक आहे.