दस्तुरीच्या पलीकडे

दस्तुरी नाक्यावर गाडी लावा आणि चालायला लागा. माथेरानात यापुढे तुमची मोटार येत नाही.

पायाखाली पेव्हर ब्लॉक आहेत तोवर तुम्ही २०२५ मध्येच आहात. ई-रिक्षा आवाज न करता शेजारी येते, तुम्ही दचकून बाजूला होता. मागून येणाऱ्या घोड्याचा पाय ब्लॉकवर घसरतो. घोडेवाला ब्लॉक बसवणाऱ्याचा उद्धार करतो. हे ब्लॉक शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच, आतल्या रस्त्यांवर नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या ऑगस्टमध्ये सांगितलं. तेव्हा आतल्या फाट्याला वळा. बूट मातीने लाल झाले की समजा, साल बदललं.

१९९० च्या आसपास हातरिक्षात बसा. एक जण पुढून ओढतो, बाकीचे मागून ढकलतात. चढ लागला की त्यांची धाप तुम्हाला गादीवर बसून ऐकू येते. इथल्या स्वच्छ हवेच्या कौतुकात ही धाप कुणी धरत नाही. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, हा आदेश यायलाही २०२५ साल उजाडावं लागलं. मोटार अडवणं सोपं होतं. तिच्या जागी कुणाला जुंपलं, हे बघणं अवघड.

उतरा. १९०७ आलं आहे. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली गाडी नेरळहून दोन फुटी रुळांवर वळणं घेत आली आणि तिने तुम्हाला थेट बाजारात सोडलं. गाडी संपते तिथे गाव सुरू होतं, तेही पायी. नव्या पर्यटनस्थळांच्या आराखड्यांत आधी वाहनतळ काढतात. हे बाजारातलं स्टेशन ते आराखडे काढणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावं.

आणखी आत शिरा. १८५० चा मे महिना. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने चढून आलेत. माथेरान ‘शोधल्याचं’ श्रेय त्यांना मिळणार आहे. ते आले ती वाट मात्र आधीपासून होती. ठाकर, कातकरी, धनगरांच्या पायांनी पडलेली, झाड आलं की वळसा घेणारी, एका माणसापुरती. समोरून मोळी घेतलेली ठाकर बाई येते. बाजूला व्हा, ओझं तिच्या डोक्यावर आहे.