गटारात काय सोडू नये?



आम्ही कामगार-चळवळीतले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या चाळींत आणि कायद्याच्या पुस्तकांत झाले. त्यामुळे गटारावर बोलण्याचा आम्हांला संकोच नाही. आपणही घटकाभर नाकावरचा रुमाल दूर करावा.

लंडनमध्ये १८१५ पर्यंत घरचा मैला गटारात सोडण्यास मनाई होती. गटारे पावसाच्या पाण्यासाठी. मैला घराखालच्या खड्ड्यात साठे आणि रात्री गाडीतून जाई. त्या साली मुभा मिळाली, आणि १८४८ च्या सुमारास तीच गोष्ट सक्तीची झाली. कालचा गुन्हा आज कर्तव्य ठरला! घाण थेम्स नदीत गेली आणि नदीचे पाणी पुष्कळांच्या पिण्यात आले. १८४८-४९ च्या पटकीने त्या शहरातील सुमारे १४ हजार माणसे नेली. तरी कोणी हलेना. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी थेट पार्लमेंटात शिरली, तेव्हा कोठे जोसेफ बाझलजेट या अभियंत्याच्या नव्या गटारांना पैसा मिळाला.

पुढे कारखाने वाढले. इंग्लंडच्या १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने निषिद्ध वस्तूंची यादीच दिली: गटाराला इजा करील किंवा प्रवाह अडवील असे काहीही, अपायकारक रासायनिक टाकाऊ माल, ११० अंश फॅरनहाइटहून अधिक तापलेले पाणी, पेट्रोल, कॅल्शियम कार्बाइड. यांतला एकेक शब्द अनुभवाचा आहे. पेट्रोलची वाफ बंद नळात कोंडते आणि ठिणगीची वाट पाहते. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी असेच रस्ते फुटले व दोनशेहून अधिक माणसे मेली. वास येतो, ही रहिवाशांची तक्रार त्याआधीच झाली होती.

ॲसिडाचेही तसेच. ते साचलेल्या मैल्यात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. आरंभी त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. खाली उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला. तो तेथेच कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

यादी नळापासून सुरू झाली. नळात उतरणाऱ्याचा विचार फार उशिरा आला. आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटार साफ करावयास लावणे गुन्हा ठरवले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाख रुपये सांगितली. २०२३ साली ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ मृत्यू थांबले नव्हते.

तेव्हा श्रोतेहो, मोरीत ॲसिडची बाटली रिकामी करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. गटारात काय सोडू नये, या यादीत आमच्या मते पहिले नाव माणसाचे असावयास हवे.