दाहक घरगुती रसायने (जालना जिल्हा)

कातडी, डोळे किंवा अन्ननलिका जाळणारी, तरीही घरात सर्रास वापरली जाणारी रसायने. जालना जिल्ह्यात संडास-फरशीचे अ‍ॅसिड (हायड्रोक्लोरिक आम्ल), टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, इन्व्हर्टरच्या बॅटरीतले गंधकाम्ल आणि तंबाखूचा चुना ही त्यांतली नेहमीची. चुन्याला कोणी रसायन समजत नाही. पण पोराने पुडी दाबली की तो थेट डोळ्यात उडतो, आणि अल्कली असल्याने आम्लापेक्षा खोल शिरतो.

अ‍ॅसिड घरात येते ते बोअरच्या जड पाण्यापायी. बादलीवर, नळावर बसणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. अ‍ॅसिड पडताच तो फसफसून विरघळतो. शहाबादी फरशीही चुनखडीचीच, म्हणून थराबरोबर तीही झिजते आणि खरबरीत होते. खरबरीत फरशीवर थर आणखी घट्ट धरतो, मग पुन्हा अ‍ॅसिड!

सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २०१३ च्या आदेशानुसार विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ओळखपत्र पाहावे, १८ वर्षांखालील कुणाला अ‍ॅसिड देऊ नये. घरात आणल्यावर मात्र पहारा घरच्यांचाच. थंड पेयाच्या बाटलीत ते कधीही काढून ठेवू नये. तहानलेला माणूस लेबल वाचत नाही. मूळ बाटली, घट्ट झाकण, कुलपाचे कपाट, आणि तेही डोळ्यांच्या पातळीखाली. वाफेने नळ व पत्रा गंजतात, म्हणून जागा हवेशीर असावी. पातळ करताना पाण्यात अ‍ॅसिड ओतावे, अ‍ॅसिडात पाणी नव्हे.

टीसीएल अ‍ॅसिडशेजारी ठेवू नये. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि दार लावलेल्या मोरीत तो छातीत भरायला वेळ लागत नाही. पत्र्याच्या खोलीत उघड्या राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग ती विहिरीत टाकूनही पाणी शुद्ध होत नाही. झाकणाचा कोरडा प्लास्टिकचा डबा बरा.

भाजल्यावरचा उपाय वाहते पाणी, निदान २० मिनिटे. जिथे नळ कित्येक दिवसांआड येतो तिथे हे सांगायला सोपे. म्हणून अ‍ॅसिड उघडण्याआधी दोन-तीन बादल्या भरून ठेवाव्यात. लिंबू, सोडा चोळू नये. पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. १०८ ला फोन करावा, बाटली सोबत न्यावी.