वाक्यातला 'मी' कोणाचा?

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही पत्त्यात येतो. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' म्हटले की रिक्षावाला नेऊन सोडतो. हे 'फ्री' कशापासून, असे सहसा कोणी विचारीत नाही. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे ठेवली गेली. दिवसभर काम, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचे तर परवानगी. मूळ कायद्यातील एक तरतूद आम्हांस कुंपणाहूनही भयंकर वाटते. एखादी जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना एकदा निघाली की ती योग्य की अयोग्य, हे कोणत्याही न्यायालयात विचारता येत नसे. यादीतल्या माणसाच्या मनात काय आहे हे शोधण्याची गरजच सरकारला नव्हती. ते जन्मावरून आधीच 'ठाऊक' होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला.

माणसाचे म्हणणे न ऐकताच त्याचे मन जाणल्याचा दावा करण्याची ही खोड मात्र टिकून राहिली. तिचे नवे रूप महाराष्ट्रातच दिसले, आणि ते अधिक सुसंस्कृत होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने जून २००८ मध्ये व्यवस्थापनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप दिली. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा तो आरोप होता, आणि पुराव्यांत मेंदूच्या एका चाचणीचा अहवाल होता. चाचणीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावतात; आरोपीने उत्तर द्यायचे नसते, फक्त ऐकायचे. ऐकवली जाणारी वाक्ये प्रथमपुरुषी असतात: मी अमुक ठिकाणी गेले, मी अमुक वस्तू विकत घेतली. मेंदूतील विद्युत्‌लहरींवरून ती घटना त्या व्यक्तीने स्वतः अनुभवली आहे की केवळ ऐकली आहे, हे यंत्र सांगते, असा दावा.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे क्षणभर थांबावे. ही वाक्ये लिहिली कोणी? तपास यंत्रणेच्या तर्कावरून ती रचलेली. म्हणजे निवेदक एक, 'मी' दुसऱ्याचा, आणि त्या 'मी'वर सही करणार मेंदूचा आलेख. ज्याची कथा आहे तो गप्प. प्रथमपुरुषी निवेदनाचा असा वापर आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत पुराव्यासाठी शास्त्रीय म्हणता येणार नाही असा निष्कर्ष काढला. पुढे त्या विद्यार्थिनीला उच्च न्यायालयाने जामीनही दिला. परंतु चाचणी अचूक नाही एवढ्यावर प्रश्न संपत नाही. उद्या ती अचूक झाली तर? २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मुभा देताना मानले होते की, आरोपी काही बोलतच नसल्याने मेंदूचा आलेख हे त्याचे 'निवेदन' ठरत नाही. तर्क बिनचूक; म्हणूनच अस्वस्थ करणारा. न बोललेले निवेदन नव्हे, म्हणून ते हवे तसे घ्यावे!

५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट अडवली. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूची चाचणी करणे हा स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आहे आणि मानसिक खासगीपणावरील अतिक्रमणही, असे न्यायालयाने म्हटले. बोलायचे की गप्प राहायचे, हा निर्णय ज्याचा त्याने करायचा. चिलीने मेंदूतील क्रिया आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला घटनेत संरक्षण दिले ते २०२१ मध्ये.

या संदर्भात 'उपरा' (१९८०) आणि 'उचल्या' (१९८७) पुन्हा वाचावीत. ज्यांच्याविषयी गॅझेटियरांनी आणि पोलिसांच्या नोंदवह्यांनी बोलायचे, त्या समाजांतील माणसे येथे स्वतः 'मी' म्हणतात. लक्ष्मण गायकवाड चोरीविषयीही लिहितात. पण काय सांगायचे, कोठे थांबायचे, हे तेच ठरवतात. वर्गात आम्ही या आत्मकथनांच्या धीटपणाविषयी पुष्कळ बोलतो, त्यांतील मौनांविषयी फारसे नाही.

सेल्वी निकालाने संमतीचे दार मात्र उघडे ठेवले आहे. ती संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते. आता पारधी वस्तीतून संशयावरून उचलून आणलेला एखादा तरुण डोळ्यांपुढे आणावा. नकार दिला तर लपवतो आहे असे म्हणतील, हे त्यालाही कळते. त्याच्या होकाराला संमती म्हणावे काय?